झिंग्यांचें उष्टावण



वर्धा नदीच्या कांठीं, अमरावतीपासून सुमारें ४० किलोमीटरांवर, तिवसा तालुक्यांत कौंडण्यपूर हें गांव आहे. विदर्भाधिपति भीष्मकाचें कुंडिनपूर तें हेंच, रुक्मिणीचें माहेर तें हेंच, ही परंपरा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु कुंडिनपुराची आणखी एक कथा आहे आणि ती सिंहासनाची नसून स्वयंपाकघराची आहे. नळराजाची दमयंती याच नगरीची कन्या. द्यूतांत राज्य गमावलेला, रूप पालटलेला नळ बाहुक या नांवानें सारथी होऊन येथें आला, तेव्हां त्याला कोणी ओळखीना. दमयंतीनें केशिनी नांवाच्या दासीकडून त्या बाहुकानें शिजविलेलें अन्न मागविलें, त्याची चव घेतली, आणि हा नळच अशी तिची खात्री पटली. रूपानें जें लपविलें तें अन्नानें उघड केलें.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो ऐकतांना क्षुल्लक वाटेल. गोड्या पाण्यांत राहणारे शेवंडे आणि झिंगे यांच्या नुकत्याच जन्मलेल्या पिलांस काय खाऊं घालावें, हा तो प्रश्न. आपल्या घरीं बाळाचें उष्टावण होतें. पहिला घांस कोणता, तो किती पातळ, किती थोडा, याचा विचार आजी करते. नखाएवढ्याही नसलेल्या या जलचरांचें उष्टावण कसें करावें, हें उमगावयास मनुष्याला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. तो इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, येथेंही ओळख पटली ती अन्नपाण्यावरूनच. आणि ती पटेपर्यंत झिंगा पाळण्याचे यत्न फुकट गेले.

प्रथम पात्रपरिचय करून घेऊं. इंग्रजींत ज्याला क्रेफिश म्हणतात तो समुद्रांतील शेवंड्याचा गोड्या पाण्यांतला चुलतभाऊ. दहा पाय, जाड कवच, पुढें दोन भक्कम नांग्या, आणि दगडाखालीं किंवा चिखलांत बीळ करून राहण्याची संवय. यूरोप, उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिकेचा कांहीं भाग, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पूर्व आशियाचा एक कोपरा, इतक्या ठिकाणीं तो मूळचा आहे. भारतांतील नद्यांत मात्र तो मूळचा नाहीं. आपल्याकडे त्याची जागा नदीच्या झिंग्यानें घेतली आहे. भोई आणि ढीवर लोक नदीतळ्यांतून ज्याला जाळ्यानें धरतात, आठवड्याच्या बाजारांत जो ओला मिळतो आणि वाळविलेलाही मिळतो, तोच हा झिंगा. कोंकणांतील श्रोते त्याला कोळंबी म्हणतील. टॉमस हेन्री हक्स्ले या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १८८० सालीं केवळ क्रेफिशवर एक ग्रंथ लिहिला आणि त्या एका प्राण्याच्या आधारें प्राणिशास्त्राचा पायाच विद्यार्थ्यांपुढें मांडला. पृथ्वीवरील या प्राण्याच्या विचित्र वांटणीचाही ऊहापोह त्यांत आहे.

शेवंडा व झिंगा हे दिसण्यांत सगोत्र असले तरी त्यांचें बाळपण अगदीं निराळें आहे. न्यूरेंबर्ग येथील रोझेल फॉन रोझेनहोफ हा सूक्ष्मचित्रकार कीटकांचा व जलचरांचा मोठा अभ्यासक होता. १७५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत क्रेफिशच्या मादीचें वर्णन आहे. मादीच्या पोटाखालीं पोहण्याचे लहान पाय असतात, त्यांना अंडीं चिकटलेलीं असतात. अंड्यांतून निघालेलीं पिलें त्याच पायांना धरून आईच्या पोटाखालीं राहतात. पुढें तीं थोडीं दूर जाऊं लागलीं म्हणजेही भीति वाटतांच पुन्हां आईच्या शेपटीखालीं शिरतात. हें पिलूं जन्मतांच बहुतेक आईबापांसारखें दिसतें. पहिले कांहीं दिवस त्याच्या अंगांतच अंड्यांतील बलकाची शिदोरी असते. एक-दोन वेळां कात टाकून झाली म्हणजे ती शिदोरी संपते, पिलूं आईला सोडतें आणि स्वतः खाऊं लागतें. म्हणजे शेवंड्याच्या पिलाचें उष्टावण आईच्या सावलींत होतें.

यूरोपांत या पिलांकडे लक्ष वेधण्यास पोट हेंच कारण झालें. पॅरिसच्या खानावळींत क्रेफिशला मोठी मागणी होती. पिएर कार्बोनिए नांवाच्या मत्स्यसंवर्धकानें १८६९ सालीं क्रेफिशचा स्वभाव, पुनरुत्पत्ति आणि पालन यांवर पुस्तक लिहिलें. त्याच्या नांवांत पालन या अर्थीं जो फ्रेंच शब्द आहे तो ‘एद्युकासियों’ म्हणजे शिक्षण. आयुष्य शाळेंत गेलेल्या मनुष्यास हा शब्द वाचून गंमत वाटल्यावांचून राहत नाहीं; परंतु विचार करतां तो शब्द योग्यच आहे. ज्याला वाढवावयाचें त्याची भूक केव्हां व कशाची आहे हें ओळखणें, हें दोन्ही धंद्यांचें मर्म आहे.

त्याच सुमारास एक मोठी आपत्ति कोसळली. १८६० च्या सुमारास इटलींत पो नदीच्या खोऱ्यांत क्रेफिश पटापट मरूं लागले आणि पुढील दशकांत ती सांथ यूरोपच्या अनेक नद्यांत पसरली. तिचें कारण उत्तर अमेरिकेंतून आलेला एक बुरशीसदृश सूक्ष्म जीव होता. अमेरिकेच्या जातींना तो सहन होतो, यूरोपच्या जातींना होत नाहीं. नद्या ओस पडल्यावर पिलें हौदांत वाढवून पुन्हां सोडण्याची खटपट सुरू झाली, आणि तेव्हां पिलांस काय घालावें हा प्रश्न केवळ हौसेचा राहिला नाहीं.

आपल्याकडे जलचरांच्या अन्नाचा विचार नव्हता असें मात्र नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील संस्कृत ग्रंथ मराठी भाषेच्या इतिहासांत वारंवार उल्लेखिला जातो. त्यांत राजाच्या करमणुकींमध्यें ‘मत्स्यविनोद’ नांवाचें प्रकरण आहे आणि निरनिराळ्या जातींचे मासे कोणत्या पाण्यांत असतात व त्यांस कोणतें खाद्य आवडतें, याची माहिती तेथें दिली आहे. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञांनीं १९५१ सालीं एका निबंधांत त्या माहितीचें शास्त्रीय मोल दाखवून दिलें. मात्र राजाचा विनोद गळ टाकण्याचा होता. मोठा मासा काय खातो हें त्याला हवें होतें. पिलूं काय खातें हें विचारण्याचें त्याला प्रयोजन नव्हतें. शिकारी आणि पालक यांच्यांतील भेद तो हाच.

यानंतरचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्या विदर्भभूमींत, नागपुरास घडला. तेथील कॉलेज ऑफ सायन्समध्यें प्राणिशास्त्राचे अध्यापक एस्. एस्. पटवर्धन यांनीं १९३५ सालीं दशपाद प्राण्यांच्या जठराच्या रचनेवर निबंधमाला प्रसिद्ध केली, आणि १९३७ सालीं नदीच्या झिंग्यावरील त्यांचा ग्रंथ लखनौच्या ‘इंडियन झूऑलॉजिकल मेम्वार्स’ या मालेंत निघाला. भारतीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या झिंग्याचें शरीर शिकल्या त्या या ग्रंथाच्या आधारें. पटवर्धनांनीं दाखविलें तें थोडक्यांत असें: खेंकडा किंवा क्रेफिश यांच्या जठरांत कठीण दांतांचें एक जातेंच असतें, अन्न पोटांत गेल्यावर तेथें दळलें जातें. झिंग्याच्या जठरांत असें जातें नाहीं. तेथें केसांच्या दाट कंगव्यांची चाळणी आहे. दळण्याचें काम त्याचे जबडे तोंडांतच करतात. ज्याच्या पोटांत जातें भक्कम त्याचे जबडे साधे, आणि ज्याचे जबडे चांगले त्याच्या पोटांत जातें नाहीं, असा हा व्यस्त संबंध आहे.

याचा आपल्या विषयाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, अन्न कोणतें याबरोबरच अन्नाचा कण केवढा, हा प्रश्न येथें उभा राहतो. मोठा झिंगा शेवाळ, पाणकिडे आणि तळाचा कुजका पालापाचोळा कुरतडून खातो. पहांटे आणि तिन्हीसांजेस तो विशेष चरतो. परंतु मोठ्याचें ताट लहानापुढें ठेवून भागत नाहीं.

खरें कोडें पुढेंच होतें. नदीच्या मोठ्या झिंग्याची मादीही पोटाखालीं अंडीं वागवते; तीं हजारोंनीं असतात आणि मोठ्या मादीजवळ पन्नास हजारांहूनही अधिक असूं शकतात. अंडीं प्रथम नारिंगी असतात, सुमारें तीन आठवड्यांत करड्या रंगाचीं होतात आणि फुटतात. त्यांतून जें निघतें तें मात्र झिंग्यासारखें नसतें. ती एक पारदर्शक, काडीसारखी अळी असते. शास्त्रीय परिभाषेंत तिला डिंभ म्हणतात. ती उताणी, शेपटी पुढें करून पोहते. हौदांत धरून ठेवलेल्या माद्यांची अंडीं फुटत, हजारों अळ्या दिसत, आणि चार-पांच दिवसांत सगळ्या मरून जात. घातलेलें अन्न तसेंच पडून राही. अन्न चुकतें आहे असें समजून लोक अन्न बदलीत. अळ्या मरतच राहत.

हें कोडें सुटलें १९६१ सालीं, मलायांतील पेनांग बेटावर. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे शास्त्रज्ञ शाओ-वेन लिंग तेथें काम करीत होते. त्यांच्याविषयीं एक आख्यायिका या धंद्यांतील लोक सांगतात. नाना प्रकारचे पदार्थ घालून निरुपाय झाल्यावर त्यांनीं जेवणाच्या टेबलावरचा सोयाबीनचा खारट रस एका भांड्यांत ओतला, आणि त्याच भांड्यांतील अळ्या तग धरून राहिल्या. आख्यायिका अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यांतील तत्त्व खरें आहे. अळ्यांना हवें होतें तें मीठ. त्या जन्मतात गोड्या पाण्यांतील आईच्या पोटीं, परंतु जगतात नदीच्या मुखाजवळील मचूळ पाण्यांत. प्रौढ झिंगा नदींत चढून आला, तरी त्याच्या बाळपणानें समुद्र सोडलेला नाहीं. समुद्राच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. या अळ्यांना १२ ग्रॅमांच्या आसपास मानवतात. पाणी ओळखल्यावर पुढचें अन्नाचें काम सुरू झालें. घर चुकलें असतां उत्तम घांसही अंगीं लागत नाहीं, हें येथें सिद्ध झालें.

लिंग यांनीं एका अळीपासून पूर्ण झिंग्यापर्यंतचा प्रवास पाहिला. तोच लाखों अळ्यांचा घडवून आणणें हें काम हवाई बेटांतील ताकुजी फुजिमुरा यांनीं केलें. १९६५ सालीं मलायांतून झिंगे आणवून होनोलुलु येथें त्यांनीं प्रयोग मांडले. हौदाच्या पाण्यांत हिरवें सूक्ष्म शेवाळ राखून पाणी निर्मळ ठेवावयाचें आणि त्यांत जिवंत खाद्य सोडावयाचें, ही त्यांची पद्धति. तें जिवंत खाद्य म्हणजे आर्टेमिया.

आर्टेमिया हा मिठागरांत व खाऱ्या सरोवरांत राहणारा इवलासा कवचधारी जीव. पाणी आटूं लागलें म्हणजे तो टणक कवचाचीं अंडीं घालतो. तीं बाजरीच्या दाण्याहूनही कितीतरी बारीक असतात. वाळवून डब्यांत वर्षानुवर्षें ठेवलीं तरी टिकतात, आणि खाऱ्या पाण्यांत घातलीं म्हणजे सुमारें चोवीस तासांत त्यांतून अर्ध्या मिलिमीटरहून लहान, नारिंगी, वळवळणारें पिलूं बाहेर येतें. माशांच्या पिलांस हें खाद्य चालतें हें अमेरिकेंत सील यांनीं १९३३ सालीं आणि नॉर्वेंत रोलेफ्सेन यांनीं १९३९ सालीं दाखविलें होतें. मुंबईंत वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमिया सांपडल्याची नोंद मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केली. म्हणजे जें खाद्य जगभर सोन्याच्या मोलानें विकलें जाऊं लागलें, तें आपल्या मुंबईच्या वेशींत मीठ पिकविणाऱ्यांच्या पायांखालीं वळवळत होतें.

झिंग्याच्या अळीला हेंच खाद्य कां लागतें, याचें कारण तिच्या स्वभावांत आहे. ती भक्ष्याचा पाठलाग करीत नाहीं. अंगाला लागेल तो कण पायांनीं धरावयाचा आणि खावयाचा, एवढेंच तिला ठाऊक. म्हणून अन्न तिच्याभोंवतीं सतत तरंगत असलें पाहिजे. मेलेलें अन्न तळाशीं बसतें. जिवंत आर्टेमिया पाण्यांत सर्वत्र फिरत राहतो आणि आपण होऊन तिच्या तोंडाशीं येतो. शिवाय तो नुकताच जन्मलेला असतांना द्यावा लागतो, कारण जसजसे तास जातात तसतशी त्याच्या अंगांतील बलकाची पुष्टि कमी होते.

या उष्टावणाची दिनचर्या आज हौदाहौदांतून ठरून गेली आहे. पहिल्या दिवशीं अळी खात नाहीं. तिच्यापाशीं बलक शिल्लक असतो. दुसऱ्या दिवसापासून आर्टेमिया. पुढें अळी मोठी होऊं लागली म्हणजे दिवसा एक शिजविलेलें खाद्य देतात. अंडीं, दुधाची भुकटी आणि शिंपल्याचें किंवा माकुलाचें मांस एकत्र घोटून वाफवावयाचें; खरवसासारखी वडी होते. ती चाळणींतून घासून काढावयाची. आरंभीं कण मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाएवढा, शेवटीं मिलिमीटरभर. आजी बाळासाठीं भात मऊ करते आणि दांत येतील तसतसा घट्ट करते, त्याहून हें निराळें नाहीं. दिवसा वडी आणि संध्याकाळीं आर्टेमिया, असा क्रम राहतो. पाण्याची ऊब २८ ते ३१ अंश सेल्सिअस. अकरा अवस्था ओलांडून, साधारण चार-पांच आठवड्यांनीं, अळीचा सात-आठ मिलिमीटरांचा खराखुरा झिंगा होतो. मग तो उताणा पोहणें सोडून तळाशीं चालूं लागतो, आणि तेव्हांच त्याला हळूहळू गोड्या पाण्यांत आणतात.

या कामांत दोन चुका जीवघेण्या ठरतात. एक उपासाची आणि दुसरी लाडाची. भुकेलेलीं पिलें एकमेकांस खातात. विशेषतः ज्यानें नुकतीच कात टाकली, ज्याचें अंग मऊ आहे, तें आधीं बळी पडतें. उलट अन्न अति झालें तर उरलेलें कुजतें, पाणी नासतें आणि सगळा हौद एका रात्रींत मरतो. ज्या घरांत मुलांस एकतर हूं म्हणतां खाऊ मिळतो किंवा मुळींच मिळत नाहीं, तेथील दशा आपण जाणतोंच.

आतां पुन्हां यूरोपकडे वळूं. स्पेनमधील लेऑन विद्यापीठांतील संशोधकांनीं एकविसाव्या शतकाच्या आरंभीं क्रेफिशच्या पिलांवर प्रयोग केले. आई सोडल्यावर त्यांना केवळ कोरडें कारखानी खाद्य दिलें तर फार थोडीं जगत. त्याबरोबर कवच काढलेलीं आर्टेमियाचीं अंडीं दिलीं म्हणजे जगणारांची संख्या आणि वाढ दोन्ही स्पष्टपणें सुधारत. जन्मतांच आईबापांसारखें दिसणारें हें पिलूंसुद्धां पहिल्या दिवसांत प्राणिज अन्नच मागतें. रूपावरून तें लहानसा प्रौढ शेवंडा वाटतें. अन्नावरून तें बाळच ठरतें.

अमेरिकेंतील लुइझियाना प्रांतांत मात्र निराळी रीत आहे. तेथें भाताच्या शेतांत क्रेफिश वाढवितात. उन्हाळ्याच्या आरंभीं माद्या सोडतात, त्या बांधांत बिळें करून अंडीं घालतात. भात कापल्यावर शरद ऋतूंत शेतांत पुन्हां पाणी भरतात. माद्या पिलांसह बाहेर येतात. पिलांस कोणी मुठीनें खाद्य घालीत नाहीं. भाताचा धसकटपेंढा पाण्यांत कुजतो, त्यावर सूक्ष्म जीव पोसतात, त्यांवर किडे आणि गोगलगाई, आणि या सगळ्यांवर क्रेफिशचीं पिलें. शेतकरी पेंढ्याला पोसतो आणि पेंढा पिलांना. भंडारा-गोंदियाकडील धानाच्या बांध्या आणि मालगुजारी तलाव ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना यांतील हिशेब समजावून सांगावा लागणार नाहीं.

ही विद्या भारतांत आली आणि तिचा मोठा व्यापार झाला. आंध्र प्रदेशांत विसाव्या शतकाच्या अखेरीस गोड्या पाण्यांतील मोठ्या कोळंबीचीं तळीं वेगानें वाढलीं. २००५ च्या सुमारास देशाचें उत्पादन चाळीस हजार टनांच्या वर गेलें. पुढें तें झपाट्यानें घसरलें. पांढऱ्या शेपटीचा रोग आला, बियाण्याचा कस उतरला, आणि २००९ पासून समुद्री व्हॅनामेई कोळंबीला मुभा मिळाल्यावर लोक तिकडे वळले. या उतारास बाजार कारण झाला हें खरें. परंतु बियाणें कोठून आलें आणि त्याचे पहिले दिवस कसे गेले याची चौकशी न करतां तळीं भरण्याची घाईही त्यास कारण झाली.

आतां आपण वऱ्हाडांत येऊं. वर्धा नदी मुलताईच्या पठारावर उगम पावते, कौंडण्यपुरावरून जाते, वैनगंगेस मिळून प्राणहिता होते आणि कालेश्वरजवळ गोदावरींत शिरून बंगालच्या उपसागरास पोंचते. रुक्मिणीच्या माहेरचें पाणी अखेर समुद्राचेंच आहे. गोदावरीचा स्वतःचा मोठा झिंगा आहे. १८४४ सालीं मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्याला माल्कमसनी हें नांव दिलें. त्याच्याही बाळांना नदीमुखाचें मचूळ पाणी लागतें आणि तीं मोठीं होत प्रवाहाविरुद्ध वर चढतात. १८५२ सालीं पुरा झालेला धवळेश्वरमचा बंधारा, त्यानंतरचीं लहानमोठीं धरणें, २०१९ चा मेडिगड्डा बंधारा, आणि आपल्याकडे मोर्शीजवळ सिंभोरा येथें १९९३ सालीं पूर्ण झालेलें अप्पर वर्धा धरण, अशा भिंती या पाण्याच्या वाटेवर उभ्या आहेत. धरणांनीं शेतीला व शहरांना पाणी दिलें, त्याची किंमत मी कमी लेखीत नाहीं. परंतु ज्या प्राण्याचें बालपण समुद्रकांठीं आणि प्रौढपण नदींत, त्याच्या घराचे दोन तुकडे झाले, हेंही सांगितलें पाहिजे. पुढें नदीकांठच्या भोयाच्या जाळ्यांत काय येईल, हें या वाटेवरच अवलंबून आहे.

अशा वेळीं दोन मोह पडतात. पहिला मोह खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या खोऱ्यांत अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत जमिनीखालचें पाणी खारें आहे. दहीहंड्याच्या परिसरांत खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वीं मीठही काढीत. पाणी खारें, मग झिंग्याच्या अळ्या तेथेंच कां वाढवूं नयेत? विचार सुंदर आहे. परंतु भूगर्भांतील खारें पाणी आणि समुद्राचें पाणी हीं एक नव्हेत. क्षारांचें प्रमाण निराळें असतें, आणि अशा अंतर्भागांतील पाण्यांत पोटॅशियम बहुधा कमी पडतें. तें तपासून पुरें केल्यावांचून पाऊल टाकूं नये. थायलंडमध्यें समुद्रापासून दूर असलेल्या हौदांसाठीं मिठागरांचें दाट खारें पाणी गाडीनें नेऊन गोड्या पाण्यांत मिसळीत. ती वाट खर्चाची खरी, पण खात्रीची.

दुसरा मोह परदेशी शेवंड्याचा. तो काटक आहे, लवकर वाढतो, त्याच्या पिलांना समुद्र लागत नाहीं. मग तोच आणून तळ्यांत कां सोडूं नये? याचें उत्तर जपानच्या इतिहासांत आहे. १९२७ सालीं लुइझियानाचा लाल क्रेफिश जपानांत आणला गेला, आणि तोही पाळलेल्या मोठ्या बेडकांचें खाद्य म्हणून. बेडकांचा धंदा मागें पडला. खाद्य मात्र पळून गेलें, देशभर पसरलें, भातखाचरांचे बांध पोखरूं लागलें आणि तळ्यांतील वनस्पति व लहान जीव फस्त करूं लागलें. अखेर २०२३ सालीं जपान सरकारला त्याची विक्री आणि त्याला पाण्यांत सोडणें यांवर बंदी घालावी लागली. ज्या गुणामुळें तो पाळण्यास सोपा, त्याच गुणामुळें तो आवरण्यास कठीण. झिंग्याची अळी समुद्रावांचून मरते, म्हणून तळ्यांतील मोठी कोळंबी चुकून नदींत गेली तरी वऱ्हाडच्या नदींत तिचा वंश वाढत नाहीं. शेवंड्याला असली मर्यादा नाहीं. शिवाय त्याच्याबरोबर कोणता रोग येईल हें यूरोपच्या ओस पडलेल्या नद्यांस विचारावें.

आपल्या नद्यांतील आणि तलावांतील लहान झिंग्यांकडे मात्र कोणी पाहत नाहीं. त्यांतल्या कांहीं जातींचीं अंडीं थोडीं पण मोठीं असतात. आईनें बाळाबरोबर मोठी शिदोरी दिलेली असते. त्यामुळें त्यांची अळीची अवस्था अगदीं थोडक्यांत आटोपते आणि त्यांना समुद्राची वाट धरावी लागत नाहीं. धरणांनीं अडविलेल्या पाण्यांत टिकून राहण्याजोगे हेच आपले सोयरे आहेत. बाजारांत त्यांना मोठा भाव नाहीं, परंतु पावसाळ्याच्या दिवसांत कित्येक गरीब घरांच्या भाकरीबरोबर हेच असतात.

तेव्हां तळें राखणाऱ्या प्रत्येक सहकारी संस्थेनें आणि शेततळें खोदणाऱ्या प्रत्येक गृहस्थानें बियाणें विकत घेण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. हें पिलूं कोणत्या पाण्यांत जन्मलें? पहिल्या महिन्यांत त्यानें काय खाल्लें? आणि हें माझ्या तळ्यांतून निसटून नदींत गेलें तर तेथें काय होईल? यांपैकीं एकाचेंही उत्तर विक्रेत्यापाशीं नसेल तर पैसे खिशांत ठेवावे. चौथें काम शाळामास्तरांचें व विद्यार्थ्यांचें आहे. आपल्या गांवच्या पाण्यांत कोणते झिंगे आहेत, अंडीं असलेल्या माद्या कोणत्या महिन्यांत दिसतात, तीं अंडीं मोठीं कीं लहान, याची साधी वही ठेवावी. भोयांच्या घरीं हें ज्ञान तोंडीं आहे. तें त्यांच्याकडून आदरानें विचारून घ्यावें आणि त्यांच्या नांवानें लिहून ठेवावें. एका अळीनें शास्त्रज्ञांस इतकीं वर्षें चकविलें, त्याचें कारण तिला काय घालावें एवढेंच सारे विचारीत होते. ती कोठली, हें विचारावयाचें राहून गेलें होतें. आपल्या नदीविषयीं तरी तो प्रश्न वेळेवर विचारला जावा, इतकीच इच्छा.